खऱ्या मापाचे पक्षी: ऑड्युबॉनच्या तारा, ताम्रपट आणि चुका

शिंजीर

अमेरिकेतला पक्षीचित्रकार जॉन जेम्स ऑड्युबॉन याच्या ‘द बर्ड्स ऑफ अमेरिका’तली सगळी ४३५ चित्रं आता संगणकावर फुकट पाहता येतात, उतरवूनही घेता येतात. सोय मोठी आहे, पण तिच्यात त्याच्या कामाचा गाभाच हरवतो. पडद्यावर रानटर्कीही वीतभर आणि हमिंगबर्डही वीतभर. छापील पानावर प्रत्येक पक्षी खऱ्या मापाचा आहे. चोच जेवढी तेवढी, नखं जेवढी तेवढी. या एका हट्टातून कागदाचं माप ठरलं, छपाईची पद्धत ठरली, किंमत ठरली, आणि त्याच्या बऱ्याचशा चुकाही तिथूनच आल्या. धागा त्यासाठीच काढतोय. चरित्र दोन परिच्छेदांत उरकतो आणि कामाकडे वळतो.

जन्म १७८५, कॅरिबियनमधल्या फ्रेंच वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीमध्ये. वडील जहाजाचे कप्तान आणि ऊसमळ्याचे मालक. आईशी त्यांचं लग्न झालेलं नव्हतं, आणि ती लवकर वारली. पोराला फ्रान्समध्ये नांतजवळ सावत्र आईने वाढवलं. नेपोलियनच्या सैन्यभरतीतून वाचवायला १८०३ मध्ये वडिलांनी त्याला पेनसिल्व्हेनियातल्या मिल ग्रोव्ह या आपल्या मालमत्तेवर धाडलं. १८०८ मध्ये शेजारच्या लूसी बेकवेलशी लग्न. पुढे केंटकीत दुकानदारी आणि गिरणी. १८१९ च्या मंदीत सगळं बुडालं, कर्जापायी तुरुंगही झाला.

हा माणूस ३५ व्या वर्षी, ऑक्टोबर १८२० मध्ये, बंदूक, कागद आणि जोसेफ मेसन नावाचा जेमतेम १३ वर्षांचा शिष्य घेऊन ओहायो नदीतून होडीने निघाला. अमेरिकेतला प्रत्येक पक्षी खऱ्या मापात काढायचा, एवढंच ठरलं होतं. काम पुरं व्हायला जून १८३८ उजाडला.

आता तारांबद्दल. मिल ग्रोव्हला असताना तो आधी मारलेले पक्षी पायाला दोरा बांधून टांगायचा. त्यात पक्षी मेलेलाच दिसतो, मान लोंबते, पंख सुटतात. मग लाकडाचा बाहुला करून पाहिला, तो पक्ष्यासारखा दिसेना. शेवटी वेगवेगळ्या जाडीच्या तारा आणल्या आणि ताजा मारलेला खंड्या मऊ लाकडाच्या फळीवर बसवला. एक तार धडातून आरपार फळीत, दुसरी वरच्या चोचीपाशी डोकं तोलून धरायला, बारीक तारा पायांना, आणि शेवटची शेपटी उचलायला. शेपटी उचलली आणि पक्षी जिवंत झाल्यासारखा वाटला, असं त्यानेच लिहून ठेवलंय.

पुढे फळीवर चौकोन आखले आणि तेवढेच चौकोन कागदावर. पक्ष्याच्या मागे फळीची जाळी, समोर कागदाची. जाळीतल्या ज्या घरात चोचीचं टोक, कागदावरच्या त्याच घरात टोक. मग कंपासने मापं घेऊन पडताळायचं.

नवा_भिडू

फार छान. एक शंका. चौकोनांची जाळी असेल तर माप चुकायला जागाच कुठे राहते?

शिंजीर

राहते, आणि बरीच राहते. पक्षी जाळीला चिकटलेला नसतो, तारेवर फळीच्या दोन-चार बोटं पुढे असतो. डोळा जरा डावीकडे सरकला की चोचीचं टोक शेजारच्या घरात दिसतं. म्हणून डोळा एकाच जागी ठेवावा लागतो आणि फळीपासून पुरेसं लांब बसावं लागतं. जवळून काढलं तर पक्ष्याचा पुढे आलेला भाग, म्हणजे बहुधा छाती किंवा जवळचा पंख, जाळीवर मोठा मोजला जातो. कंपास यासाठीच. चोच, नडगी, पंखाचं सगळ्यात लांब पीस, शेपटी ही मापं पक्ष्याच्या अंगावरून थेट उचलून कागदावर टेकवायची. जाळी ठेवण सांभाळते आणि कंपास माप.

दुसरी अडचण वेळेची. ताजा मेलेला पक्षी लुळा असतो, काही तासांत ताठरतो. तारा त्याआधीच बसवाव्या लागतात. ताठरल्यावर मान वळवायला गेलं की पिसं उलटी फिरतात आणि गळ्यावरची कातडी ताणली जाते. रंगांचं तर त्याहून कठीण. पिसांचा रंग टिकतो, पण डोळ्याची बुबुळं, पाय, चोचीचं मूळ, डोळ्याभोवतीची उघडी कातडी यांचे रंग काही तासांत मंदावतात. डोळा आत बसतो. त्यामुळे डोळा आणि उघडे भाग आधी, पिसं मागाहून, हाच क्रम शहाणपणाचा.

तांबट

छपाईच्या अंगाने लिहितो, कारण ‘ऑड्युबॉनची चित्रं’ म्हणून जग जे ओळखतं ते प्रत्यक्षात रॉबर्ट हॅवेल धाकटा या लंडनच्या कोरणाऱ्या कारागिराच्या हातचं काम आहे.

अमेरिकेत कोणी छापायला तयार होईना, म्हणून ऑड्युबॉन १८२६ मध्ये जहाजाने लिव्हरपूलला उतरला. एडिंबराच्या लिझार्स या कारागिराने पहिले १० ताम्रपट, म्हणजे छपाईसाठीचे तांब्याचे पत्रे, कोरले. तिथे रंग भरणाऱ्या कारागिरांनी संप केला आणि काम अडलं. मग लंडनमध्ये हॅवेल बापलेक भेटले. धाकट्याने कोरायचं आणि थोरल्याने छपाई व रंगकाम बघायचं, अशी वाटणी झाली. लिझार्सच्या पहिल्या काही पटांवरही धाकट्या हॅवेलने नंतर हात फिरवला, त्यांत ॲक्वाटिंट घातलं.

ॲक्वाटिंट म्हणजे काय, ते सावकाश सांगतो. नुसत्या एचिंगमध्ये, म्हणजे पटावर ओढलेल्या रेषा आम्लाने खोदण्यात, रेषा मिळते, छटा मिळत नाही. छटा हवी तर रेषांवर रेषा ओढून जाळी करायची, आणि पिसांवर ती जाळी तारेच्या चाळणीसारखी दिसते. ॲक्वाटिंटमध्ये तांब्यावर राळेचे बारीक कण पसरतात. एक तर राळेची भुकटी उडवून खालून ऊब देऊन चिकटवायची, नाहीतर राळ स्पिरिटमध्ये विरघळवून पटावर ओतायची. स्पिरिट उडालं की राळेचा थर वाळलेल्या चिखलासारखा सूक्ष्म तडकतो. मग पट पातळ नायट्रिक आम्लात. कणांमधल्या फटींतून आम्ल तांबं खातं आणि लाखो बारीक खड्डे पडतात. शाई त्या खड्ड्यांत राहते आणि कागदावर पाण्याने रंग दिल्यासारखी सपाट करडी छटा उमटते.

एकाच पटावर पाच-सहा छटा हव्या असतील तर जिथे सगळ्यात फिकं हवं तिथे पहिल्या चाव्यानंतर व्हार्निश लावून तो भाग बंद करायचा. पट पुन्हा आम्लात. पुढची छटा बंद. पुन्हा आम्लात. सगळ्यात जास्त वेळ उघडं राहिलेलं सगळ्यात काळं. हे करताना चित्र उलटं, कारण छापलं की डावं-उजवं बदलतं.

काय बिघडतं? थर कुठे पातळ राहिला तर आम्ल नको तिथे शिरतं आणि मोकळ्या आकाशात काळे ठिपके उठतात. ते घासून, चमकावून काढावे लागतात. राळेची ऊब कमी पडली तर कण आम्लात सुटतात, जास्त झाली तर वितळून एकसंध होतात आणि फटच उरत नाही. आता हे जवळजवळ मीटरभर लांब पटावर करायचंय, अशी कल्पना करा. एवढ्या पटावर पहिल्या कोपऱ्यापासून शेवटच्या कोपऱ्यापर्यंत थर सारखा बसवणं, यातच हॅवेलचं कौशल्य कळतं.

छापताना कागद ओला लागतो, त्याशिवाय तो खड्ड्यांत शिरून शाई उचलत नाही. ओला कागद फुगतो, वाळला की आक्रसतो. त्यामुळे ‘खरं माप’ हे पटावर खरं, छापलेल्या कागदावर केसभर कमी.

कागदवेडी

कागदाबद्दल भर घालते. त्या कागदाच्या मापाचं नाव डबल एलिफंट. साधारण ३९½ इंच बाय २६½ इंच, म्हणजे मीटरभर लांब आणि दोन फुटांहून जास्त रुंद. हाताने केलेला, व्हॉटमन या इंग्लिश कागदाचा. उजेडासमोर धरला की जलचिन्हात ‘जे व्हॉटमन’ आणि साल दिसतं, काही तावांवर ‘टर्की मिल’ हे कागद गिरणीचं नावही. अस्सल हॅवेल छपाई ओळखायची पहिली खूण हीच. दुसरी खूण पटाचा ठसा: चित्राभोवती चौकटीसारखी दबलेली कड, बोटाला लागते. मात्र पूर्वी बांधणी करताना कडा कापल्या गेल्या असतील तर जलचिन्ह आणि ठसा दोन्ही गायब असू शकतात. तेव्हा खूण नाही म्हणून नकली, असं एकदम म्हणू नये.

तिसरी खूण भिंगाखाली. दहापट भिंग घ्या. ॲक्वाटिंटचे कण वेडेवाकडे, एकही दुसऱ्यासारखा नाही, आणि रंग त्यांच्यावरून ब्रशने वाहिलेला, क्वचित रेषेबाहेर गेलेला. ऑफसेटमध्ये, म्हणजे अलीकडच्या यंत्रछपाईत, चार रंगांच्या ठिपक्यांची नेटकी फुलं दिसतात. ती दिसली की प्रत विसाव्या शतकातली किंवा नंतरची. १९७१ ची ॲमस्टरडॅम आवृत्ती २५० संचांची, चांगल्या कागदावरची आणि पूर्ण मापाची, पण ती ऑफसेटच. ज्यूलियस बीनची १८५८ ते १८६० मधली रंगीत शिलामुद्रित आवृत्तीही पूर्ण मापाची आहे, मात्र तिच्यात रंगही दगडावरूनच आलेला आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या तोंडावर ती अर्धवट राहिली.

रंगकाम हाताने होत असे. ऑड्युबॉनने मान्य केलेली नमुना प्रत समोर ठेवायची आणि रंगकऱ्यांनी एकेक रंग भरत ताव पुढे सरकवायचा. भर कामात हॅवेलकडे सुमारे ५० माणसं रंगवायला होती. त्यामुळे एकाच चित्राच्या दोन प्रती कधीच सारख्या नसतात.

पाणकावळा

पैशाचा हिशेब मांडल्याशिवाय हे काम कळत नाही. पुस्तक एकदम विकलं गेलं नाही, वर्गणीने हप्त्याहप्त्याने गेलं. एका हप्त्यात ५ चित्रं: एक मोठं, एक मध्यम, तीन लहान. किंमत २ गिनी. असे ८७ हप्ते. ८७ गुणिले ५ म्हणजे ४३५. पूर्ण संचाची किंमत १७४ गिनी, म्हणजे १८२ पौंड १४ शिलिंग, अमेरिकेत सुमारे १,००० डॉलर. त्या काळात ही रक्कम फक्त राजे, सरदार, संस्था आणि मोठे व्यापारी देऊ शकत.

एक मोठं आणि तीन लहान ही विभागणी विचारपूर्वक होती. प्रत्येक हप्त्यात गरुड किंवा बगळा दिला असता तर मोठे पक्षी लवकर संपले असते आणि शेवटी नुसते चिमणीएवढे पक्षी उरले असते. वर्गणीदार टिकवायचा तर दर वेळी बंडल उघडल्यावर एक तरी पान थक्क करणारं हवं.

तरी वर्गणीदार गळत गेलेच. काहींनी रंगकाम सारखं नसल्याची तक्रार करून हप्ते बंद केले. शेवटी २०० च्या आत पूर्ण संच तयार झाले. त्यांतले १२० च्या आसपास आज माहीत आहेत, बाकीचे सुटी पानं विकण्यासाठी फोडले गेले. खर्च ऑड्युबॉनने स्वतः १,१५,००० डॉलरच्या वर सांगितलाय.

मजकूर चित्रांसोबत का नाही, हेही विचारलं जातं. ब्रिटिश कायद्याप्रमाणे मजकूर असलेल्या पुस्तकाच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांना फुकट द्याव्या लागत. १८२ पौंडांच्या पुस्तकाच्या तशा प्रती दिल्या असत्या तर धंदाच बसला असता. म्हणून चित्रं ‘पुस्तक’ ठरणार नाहीत अशी नुसती छापली आणि मजकूर ‘ऑर्निथॉलॉजिकल बायोग्राफी’ या नावाने १८३१ ते १८३९ मध्ये ५ खंडांत वेगळा काढला. त्याचं इंग्रजी सुधारणं आणि पक्ष्यांच्या शरीररचनेचा भाग हे विल्यम मॅकगिलिव्रे या स्कॉटिश निसर्गअभ्यासकाचं काम. मुखपृष्ठावर त्याचं नाव नाही.

नाव नसलेल्यांची रांग तिथेच संपत नाही. जोसेफ मेसनने पन्नासेक चित्रांतली झाडं-फुलं काढली. त्यानंतर जॉर्ज लेहमनने मागची दृश्यं, आणि चार्ल्सटनच्या मारिया मार्टिनने फुलं आणि कीटक. लूसीने लुइझियानातल्या मळ्यांवर शिकवण्या करून घर चालवलं आणि नवऱ्याच्या प्रवासाला पैसे पुरवले. ‘ऑड्युबॉन’ हे मला तरी एका माणसापेक्षा कारखान्याचं नाव वाटतं.

तांबट

कारखाना हा शब्द पटला. मात्र पक्ष्याची ठेवण त्याचीच, तिथे दुसऱ्या कोणाचा हात नाही. त्याच्या आधी अलेक्झांडर विल्सनने १८०८ ते १८१४ मध्ये ९ खंडांत अमेरिकन पक्षी दिले होते. नोंदी ऑड्युबॉनपेक्षा काटेकोर, पण खर्च वाचवायला एकेका पानावर चार-सहा जाती आजूबाजूला मांडलेल्या, बहुतेक बाजूने पाहिलेल्या, फांदीवर स्वस्थ. ऑड्युबॉनच्या पानात पक्षी खातो, भांडतो, पिलांना भरवतो, खालून दिसतो, पाठमोरा दिसतो.

शिंजीर

आणि ही हालचाल बरेचदा कागदाच्या मापानेच त्याच्यावर लादली. ४३१ वं चित्र बघा, अमेरिकन फ्लेमिंगोचं. फ्लेमिंगो ताठ उभा राहिला तर पानात मावतच नाही. म्हणून तो चालताना, मान खाली वळवून, डोकं पायांपाशी आणलेला काढलाय. पाठीची कमान पानाच्या मधोमध. वर जी जागा उरली तिथे चोच आणि जीभ यांची बारीक रेखाटनं दिली आहेत. मोठा निळा बगळाही तसाच वाकवलेला. खऱ्या मापाचा हट्ट आणि २६½ इंचांची रुंदी यांच्यामध्ये पक्ष्याला वाकावं लागलं, आणि त्या वाकण्यातून चित्राला बांधणी मिळाली.

लहान पक्ष्यांची अडचण उलटी. हमिंगबर्ड खऱ्या मापात काढला तर मीटरभर कागदावर अंगठ्याएवढा. म्हणून ४७ व्या चित्रात वेलीच्या नारिंगी तुतारीफुलांवर १० हमिंगबर्ड. प्रत्येक वेगळ्या कोनातला, नर-माद्या दोन्ही, आणि एकाची तर चोच आणि डोकं फुलात बुडालेलं.

टिटवी

चित्रं अप्रतिम आहेत, यात वाद नाही. निसर्गअभ्यासक म्हणून मात्र त्याच्याकडे जपूनच बघायला हवं. तीन गोष्टी क्रमाने घेते.

पहिली, पायाला दोरा. १८०४ मध्ये त्याने फीबी नावाच्या माशीमार पक्ष्याच्या पिलांच्या पायात चांदीचा दोरा बांधला आणि पुढच्या वसंतात त्यांतले दोन तिथेच जवळ घरटी करताना सापडले, असं तो सांगतो. दोरा फार घट्ट नको, पण पक्ष्याला काढता येऊ नये इतपत, हा त्याने दिलेला तपशील योग्यच आहे. अमेरिकेतलं पहिलं पक्षीकडं म्हणून हा प्रसंग सर्रास सांगितला जातो. अभ्यासकांनी त्यावर रास्त शंका घेतली आहे: १८०५ च्या वसंतात ऑड्युबॉन फ्रान्सला गेलेला होता, आणि फीबीची पिलं मोठी होऊन जन्मस्थळी परतण्याचं प्रमाणही फार कमी असतं. दोरा बांधला असेल, पण परतीची नोंद पुरावा म्हणून धरू नये. आणखी एक फरक ध्यानात ठेवा. दोऱ्यावर क्रमांक नव्हता. आज आपल्याकडे पक्ष्याच्या पायात जे कडं घालतात त्यावर क्रमांक असतो आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा असं कोरलेलं असतं. क्रमांकामुळेच एकेक पक्षी ओळखता येतो. नुसत्या दोऱ्याने फक्त ‘कोणीतरी बांधलेला’ एवढंच कळतं.

दुसरी, गिधाडाचं नाक. टर्की व्हल्चर मेलेलं जनावर वासाने नाही, डोळ्याने शोधतो, असा त्याचा दावा. १८२६ मध्ये एडिंबरातल्या निसर्गअभ्यासकांसमोर त्याने तो मांडला. प्रयोग असा: हरणाच्या कातड्यात गवत भरून माळावर ठेवलं, तर गिधाड येऊन टाके फाडायला लागलं. उलट, सडलेलं डुक्कर झाकून ठेवलं, तर एकही गिधाड आलं नाही. पुढे त्याचा मित्र बाकमन याने चार्ल्सटनमध्ये फाडलेल्या मेंढीचं चित्र जमिनीवर पसरलं, तर गिधाडं चित्रालाच टोचायला लागली.

वाचताना पटतं, पण निष्कर्ष चुकला. टर्की व्हल्चरला वास चांगला येतो, आणि त्याला ताजं, एखाद-दोन दिवसांचं मढं आवडतं. अगदी सडलेलं तो टाळतो, म्हणून झाकलेल्या सडक्या डुकराकडे फिरकला नाही. शिवाय त्याच भागात काळं गिधाड असतं. ते मुख्यतः नजरेवर चालतं, आणि प्रयोगात या दोघांची गल्लत झालेली असण्याचा फार संभव आहे. हा वाद शंभरहून अधिक वर्षं चालला आणि १९६० च्या दशकात केनेथ स्टेगरच्या प्रयोगांनी मिटला. ज्या गंधद्रव्याने गॅसगळती कळते त्या एथिल मरकॅप्टनचा वास सोडला, तर टर्की व्हल्चर येऊन घिरट्या घालू लागले.

हे वाचून आपल्याकडच्या गिधाडांवर उडी मारू नका. भारतीय गिधाड आणि पांढऱ्या पुठ्ठ्याचं गिधाड वेगळ्या कुळातली आहेत. ती खरोखरच नजरेने, आणि एकमेकांना खाली उतरताना बघून, मढं शोधतात.

नवा_भिडू

आणि तिसरी?

टिटवी

तिसरी जास्त गंभीर. ११ वं चित्र, ‘बर्ड ऑफ वॉशिंग्टन’. नवी गरुडजात शोधली असं सांगून त्याने पंखांचा पल्ला १० फूट २ इंच दिला. असा गरुड अमेरिकेत नाही. काहींच्या मते तो पांढऱ्या डोक्याच्या गरुडाचा अल्पवयीन पक्षी असावा, कारण त्या वयात डोकं तपकिरी असतं आणि पिसं लांब असल्याने पक्षी मोठा दिसतो. पण मापं जुळत नाहीत. शिवाय त्याची बैठक रीसच्या विश्वकोशात आधी छापलेल्या सोनेरी गरुडाच्या चित्राशी इतकी जुळते की योगायोग म्हणणं कठीण. तारा आणि जाळीवर उभा राहिलेला ‘निसर्गावरून काढलेलं’ हा दावा इथे कोसळतो. माझ्या मते हे जाणूनबुजून केलेलं आहे.

पाणकावळा

सहमत. रफिनेस्क नावाच्या निसर्गअभ्यासकाला त्याने १८१८ मध्ये मनाने रचलेल्या माशांची वर्णनं दिली आणि रफिनेस्कने ती खरी समजून छापली. पुढच्या अभ्यासकांना ते मासे यादीतून काढत बसावं लागलं.

याहून जड बाजूही सांगितली पाहिजे. केंटकीत त्याच्या मालकीचे गुलाम होते, पैशांची अडचण आली तेव्हा त्याने माणसं विकली, आणि ब्रिटनने गुलाम मुक्त केले तेव्हा पत्रात त्याला विरोध नोंदवला. टेक्सासमधल्या रणांगणावरून मेलेल्या मेक्सिकन सैनिकांच्या कवट्या गोळा करून त्याने मॉर्टनला दिल्या. कवट्या मोजून वंशांची उतरंड लावणारा तो हाच मॉर्टन. या सगळ्यामुळे त्याच्या नावाने चालणाऱ्या अमेरिकेतल्या काही शहरांतल्या पक्षीसंस्थांनी अलीकडे ते नाव काढून टाकलं. राष्ट्रीय ऑड्युबॉन संस्थेने मार्च २०२३ मध्ये चर्चा करून ते ठेवलं. मला नाव काढून टाकणाऱ्यांचं म्हणणं पटतं. चित्रं त्यामुळे कुठे जात नाहीत.

शिंजीर

हे धाग्यात यायलाच हवं होतं, आभार.

मोजण्याच्या बाबतीत मात्र त्याची एक नोंद अजून वाचण्यासारखी आहे. १८१३ च्या शरद ऋतूत हेंडरसनहून लुइव्हिलला जाताना प्रवासी कबुतरांचे थवे वरून जात होते. त्याने घोड्यावरून उतरून प्रत्येक थव्यामागे कागदावर एक ठिपका द्यायला सुरुवात केली. २१ मिनिटांत १६३ ठिपके झाले आणि त्याने नाद सोडला. मग हिशेब केला: थवा १ मैल रुंद, वेग मिनिटाला १ मैल, ३ तास चालला, म्हणजे १८० चौरस मैल. दर चौरस यार्डाला २ कबुतरं. उत्तर १,११,५१,३६,०००.

गुणाकार करून पाहा, बरोबर येतो. १ चौरस मैल म्हणजे ३०,९७,६०० चौरस यार्ड. पण उत्तराचे शेवटचे आकडे फसवे आहेत, कारण रुंदी, वेग आणि दाटी हे तिन्ही डोळ्याचे अंदाज. दाटी २ ऐवजी १ धरली की जवळजवळ ५६ कोटी कबुतरं कमी होतात. तरी पद्धत आजचीच आहे. थव्याचं क्षेत्र गुणिले दाटी, याच रीतीने आपणही फ्लेमिंगो किंवा रोझी मैनांचे मोठे थवे मोजतो. तो जिथे गृहीतक उघड लिहितो तिथे त्याची चूक दुरुस्त करता येते.

टिटवी

त्याच कबुतरांच्या चित्रात चूक आहे. ६२ व्या चित्रात एक वरच्या फांदीवर आणि दुसरं खालच्या फांदीवर, चोचीत चोच. ही कबुतरं हा शृंगार एकाच फांदीवर शेजारी बसून करत. उभ्या पानाला उभी रचना हवी होती, म्हणून एकाला वर नेलं असणार. शिंजीर, तुमच्या खऱ्या मापाच्या मुद्द्याला धरूनच आहे हे.

शेवटचं प्रवासी कबुतर १ सप्टेंबर १९१४ ला सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेलं. २६ व्या चित्रातल्या कॅरोलिना पोपटांपैकी बंदिवासातला शेवटचा १९१८ मध्ये तिथेच मेला. या जातींच्या बाबतीत त्याची चित्रं पुरावा म्हणून वापरावी लागतात. म्हणूनच कुठलं चित्र जिवंत निरीक्षणातून आलंय, हे कळणं आवश्यक आहे. शेवटच्या हप्त्यांमधले पश्चिमेकडचे बरेच पक्षी त्याने जिवंत पाहिलेच नव्हते. टाउनसेंड नावाच्या निसर्गअभ्यासकाने तिकडून आणलेली कातडी विकत घेऊन ती चित्रं केली, आणि काम संपवायच्या घाईत एका फांदीवर अनेक जाती बसवल्या. गर्दीचं पान दिसलं की सावध व्हावं.

नवा_भिडू

ही पद्धत आज शिकायची तर? पक्षी मारणं तर शक्यच नाही.

शिंजीर

मारायचा प्रश्नच नाही, आणि मेलेला पक्षी सापडला तरी तो घरी आणून ठेवू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते अडचणीचं आहे, शिवाय बर्ड फ्लूचा धोका. संग्रहालयातली कातडी परवानगीने अभ्यासता येतात, मात्र त्यांतले पाय आणि चोच यांचे रंग विश्वासाचे नसतात.

जाळीचा सराव कशावरही होतो. पुठ्ठ्यावर २ सेंटिमीटरचे चौकोन आखा, समोर तारेवर वाळकी शेंग किंवा कापडी पक्षी बसवा, कागदावर तेवढेच चौकोन. दीडेक मीटर लांब बसा, एक डोळा मिटा, डोकं हलू नये म्हणून हनुवटी टेकवा. आधी बाह्यरेषा जाळीला जिथे जिथे छेदते ते बिंदू द्या, रेषा नंतर जोडा. शेवटी कंपासने तीन मापं पडताळा. कागदावरचं चित्र वस्तूपेक्षा सगळीकडे थोडं मोठं आलं तर तुम्ही फार जवळ बसला आहात. एकाच बाजूला सरकलं तर डोकं हललंय.

कागदवेडी

एक विनंती. कोणाकडे ऑड्युबॉनच्याच पुस्तकाच्या, बोवेनने छापलेल्या छोट्या आवृत्तीची पानं असतील तर ती भिंतीवर कायमची लावू नका. फिलाडेल्फियात १८४० ते १८४४ मध्ये ७ खंडांत निघाली ती शिलामुद्रित आवृत्ती, ५०० चित्रांची. तिची पानं हॅवेलच्या मानाने पुष्कळ मिळतात. हाताने भरलेले जलरंग उजेडाने उडतात आणि परत येत नाहीत. ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) वर उजेड नको, आणि तोही वर्षातले काही महिनेच. चौकटीमागचा पुठ्ठा आम्लविरहित हवा, काच कागदाला टेकता कामा नये. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात काच टेकलेली असली की आत ओल धरते, तपकिरी ठिपके पडतात आणि रंग काचेला चिकटतो. बाहेरच्या भिंतीवर तर मुळीच नको.

तांबट

ताम्रपटांचं काय झालं ते राहिलंच. हॅवेलने दुकान आवरल्यावर पट जहाजाने अमेरिकेत आले. १८४५ च्या न्यूयॉर्कच्या आगीत काही खराब झाले. ऑड्युबॉन १८५१ मध्ये वारला, आणि पुढे हलाखीत बाकीचे पट भंगाराच्या भावाने गेले. भट्टीत जाताना एका पोराच्या नजरेस पडले म्हणून ऐंशीच्या आसपास वाचले.

नवा_भिडू

आणि मूळ चित्रं? तीही गेली का?

शिंजीर

नाही, ती राहिली. लूसीने १८६३ मध्ये न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीला ४,००० डॉलरला विकली, आणि जवळजवळ सगळी तिथेच आहेत. उजेडाने बिघडू नयेत म्हणून थोडी थोडीच बाहेर काढतात. कधी पाहायला मिळाली तर समोर उभं राहून झालं की एका बाजूला सरका आणि तिरकं बघा. कुठे कुठे कात्रीने कापून चिकटवलेल्या पक्ष्याची कड दिसते, कारण आवडलेला पक्षी कापून तो दुसऱ्या पानावर बसवत असे. काळ्या पंखांवर त्याने जलरंगाच्या वरून शिसपेन्सिलीने पिसाच्या दिशेने बारीक रेघा ओढल्या आहेत. समोरून ते नुसतं काळं दिसतं. तिरकं पाहिलं की शिसं चमकतं आणि कावळ्याच्या पाठीवर उन्हात येते तशी झाक उठते. हॅवेलच्या छपाईत ती नाही, संगणकाच्या पडद्यावरही नाही.